अंगठा दिला, पीओ आला नाही

वाचकाचं पत्र

मी दादरला राहते. घरून फराळ करून विकते, मदतीला दोघी जणी येतात. यंदा अंधेरीच्या एका कंपनीतल्या ॲडमिनवाल्या साहेबांनी व्हॉट्सॲपवर दिवाळीसाठी विचारलं. मी चकली, चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळी, करंजी अशी यादी आणि 900 रुपये डबा असा भाव पाठवला. ते म्हणाले, '250 डबे घेतो, 800 ला द्या.' मी लिहिलं, '850 च्या खाली परवडत नाही.' दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, 'ठीक. 850 ने 250 डबे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी ऑफिसला पोचले पाहिजेत. पीओ पाठवतो.' (पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, कंपनीचा खरेदीचा लेखी कागद.) मी अंगठा टाकला. मग तूप, बेसन, भाजणीचं धान्य आणलं आणि त्याचा फोटो पाठवला. त्यावर 'छान' म्हणून त्यांनी डब्यावरच्या लेबलचं डिझाइन पाठवलं, कंपनीच्या लोगोसकट. लेबलं छापली, खोकी आणली. आतापर्यंत 84 हजार गेले. काल मेसेज आला, 'मॅनेजमेंटने यंदा ड्रायफ्रूट ठरवलंय. पीओ निघालाच नव्हता, त्यामुळे ऑर्डर कन्फर्म नव्हती.' गेल्या वर्षी ह्याच साहेबांनी असेच मेसेजवर 60 डबे मागवले होते. तेव्हाही पीओ नव्हता, आणि पैसे कंपनीच्या खात्यातून आले होते. मिस्टर म्हणतात, स्टॅम्प पेपर नाही, सही नाही, ॲडव्हान्स नाही, विसरून जा.

दुसरं दुखणं घरातलं. गणपतीत धाकटे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, 'वहिनी, मोठा डीप फ्रीझर घ्या, पैसे मी देतो.' मी हप्त्यावर घेतला. आता ते विषयच काढत नाहीत. ह्या दोन्हींत कायदा माझ्या बाजूने आहे का?

— एक वाचक, दादर

उत्तर

ताई, आधी घाईचं सांगते. 250 डबे तळून, भरून अंधेरीच्या दारात नेऊन ठेवायचा विचार मनात असेल तर तो सोडा. आणलेलं सामान सोसायटीत, ओळखीत, जिथे खपेल तिथे ह्याच आठवड्यात खपवायला लागा. असं का, ते पुढे येईलच. दिवाळी कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही, म्हणून हे आधी.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. स्टॅम्प पेपर, सही आणि ॲडव्हान्स ह्या तीन गोष्टी नसतील तर करारच नाही, हा मुंबईतला फार जुना आणि फार घट्ट समज आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी ह्याच समजापोटी आपला हक्क सोडून दिलेला असतो, आणि उरलेल्यांनी ह्याच समजापोटी नको त्याला 'हो' म्हटलेलं असतं. आपला भारतीय करार कायदा 1872 चा. इंग्रजांच्या कॉमन लॉमध्ये न्यायाधीशांनी निकालानिकालांतून जे नियम घडवले, ते बऱ्याच अंशी त्यात कलमांच्या रूपात मांडले आहेत. त्यातलं कलम 10 वाचा. दोन्ही बाजू सज्ञान आणि भानावर असाव्यात, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावेत, आणि कायद्याने तसला करार रद्दबातल ठरवलेला नसावा. बस. कागद लागेलच असं तिथे म्हटलेलं नाही. इतर कुठला कायदा लेखी किंवा नोंदणीचा आग्रह धरत असेल तर तो पाळा, एवढंच त्या कलमाचं शेवटचं वाक्य सांगतं.

फराळाच्या डब्यांसाठी असा आग्रह धरणारा कायदा नाही. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 10क तर उलट सांगतं की, केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार नाकारता येणार नाही. त्याही आधी, 1966 मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या खामगावचं एक प्रकरण गेलं होतं. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी फोनवर सरकीची पेंड मागितली, खामगावच्या पेढीने फोनवरच होकार दिला, पुढे माल आला नाही. फोनवर करार होतो हे धरूनच भांडण चाललं होतं. वाद होता तो करार झाला कुठे ह्याचा, कारण त्यावर कोर्ट कुठलं हे ठरणार होतं. न्यायालयाने बहुमताने सांगितलं, होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला. साध्या पोस्टातून होकार धाडला तर पत्र पेटीत पडताक्षणीच प्रस्ताव देणारा बांधला जातो. फोनसारख्या तत्काळ साधनांना तो नियम नाही, तिथे होकार समोरच्यापर्यंत पोचावा लागतो. मेसेजला हाच नियम लावला, तर तुमच्या अंगठ्यापुढच्या दोन निळ्या खुणा कामाच्या आहेत. त्यांचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

पण करार झाला म्हणायचं तर प्रस्ताव कुणाचा आणि स्वीकार कुणाचा, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तुमच्या चॅटमध्ये हे शोधताना मजा आली, खरंच सांगते. घासाघीस म्हणजे प्रस्तावांची एक माळच असते, आणि त्यातला कुठला जिवंत आहे ते ओळखावं लागतं.

तुमचा 900 चा भाव आणि यादी हा प्रस्ताव होता की नुसतं दरपत्रक, ह्यावर वाद घालता येईल, पण घालायची गरज नाही. कारण साहेबांनी '800 ला द्या' म्हटलं आणि तो विषय संपला. समोरच्याने वेगळा आकडा टाकला की मूळ प्रस्ताव मरतो. 1840 च्या एका इंग्रजी खटल्यात शेत हजार पौंडांना देऊ केलं होतं. घेणाऱ्याने 950 म्हटलं, मालकाने नकार दिला, तेव्हा घेणारा म्हणाला, बरं, हजार घ्या. कोर्टाने सांगितलं, तो हजाराचा प्रस्ताव तूच 950 म्हणून संपवलास. म्हणजे उद्या साहेब म्हणाले असते की तुमच्या 900 ला मी कधीच हो म्हटलं नव्हतं, तर ते बरोबरच ठरले असते. पण ते आपल्या मुद्द्याच्या आड येत नाही.

पुढे तुम्ही लिहिलंत, '850 च्या खाली परवडत नाही.' हा प्रस्ताव झाला का? बहुतेक लोक हो म्हणतील. सर्वोच्च न्यायालय नाही म्हणेल, निदान 1951 मध्ये तरी म्हणालं होतं. कूर्गमधल्या एका बंगल्याच्या मालकाने तारेने कळवलं होतं की दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही. घेणाऱ्याने दहा हजार कबूल केले आणि सौदा झाला असं धरलं. न्यायालयाने म्हटलं, कमीत कमी किती हे सांगणं म्हणजे तेवढ्याला विकतो असं वचन देणं नव्हे. दहा हजारांना कबूल होणं हा उलट घेणाऱ्याचाच नवा प्रस्ताव आहे.

हे तुमच्या चॅटवर ठेवून पाहा. 'ठीक. 850 ने 250 डबे, वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी, ऑफिसला.' भाव, नग, दिवस, जागा, सगळं त्यात आहे, आणि ते त्यांनी लिहिलेलं आहे. प्रस्ताव कंपनीचा. अंगठा तुमचा. कलम 7 म्हणतं, स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. अंगठ्याला 'पण' लावता येत नाही, ह्या बाबतीत तो शब्दांपेक्षा साफ आहे. आणि प्रस्ताव मागे घ्यायचा तर स्वीकार व्हायच्या आत घ्यावा लागतो. ड्रायफ्रूटचा विचार त्यांनी तुमच्या अंगठ्याआधी केला असता तर मला हे उत्तर दोन ओळींत संपवावं लागलं असतं.

अंगठ्याचं चिन्ह म्हणजे होकार का, ह्यावर कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात 2023 मध्ये निकाल झाला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवून खात्री करायला सांगितलं. त्याने अंगठा टाकला. नंतर माल दिला नाही आणि म्हणाला, मेसेज मिळाला एवढंच मला सांगायचं होतं. कोर्टाने त्या दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. त्याने पूर्वी अशाच मेसेजना एकदोन शब्दांत होकार दिला होता आणि मालही पोचवला होता. त्याला 82 हजार डॉलर्सहून जास्त भरावे लागले. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण विचार करायची पद्धत तीच आहे: मनात काय होतं ते राहू द्या, समोरच्या शहाण्या माणसाला काय समजलं असतं? म्हणून तुमचे गेल्या वर्षीचे 60 डबे ह्या वर्षीच्या अंगठ्याइतकेच मोलाचे आहेत. तो चॅट आणि बँकेतली ती नोंद हातासरशी शोधून काढा.

आता पीओ. कंपनीचा सगळा भार ह्या दोन अक्षरांवर आहे, आणि त्यांचा वकील इथेच पाय रोवून उभा राहील, तेव्हा मीही जरा थांबते. कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, 'पीओ निघाल्यावरच ऑर्डर पक्की' अशी अट. दुसरी, सौदा पक्का आहे आणि पीओ हा त्याचा पुढे यायचा कागद. पहिल्यात पीओ येईपर्यंत करारच होत नाही. इंग्लंडात घराच्या खरेदीत दोन्ही बाजू मुद्दाम तसं लिहून ठेवतात आणि शेवटच्या क्षणापर्यंत कुणीही मोकळा असतो. दुसऱ्यात कागद आला नाही म्हणून करार पुसला जात नाही. 1968 मध्ये स्थावराच्या एका तोंडी सौद्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला: पुढे रीतसर करारपत्र करू एवढं म्हटल्याने आधीचा सौदा कच्चा ठरत नाही, तशी अटच घातली असेल तर गोष्ट वेगळी. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातून यायच्या बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ईमेलवर ठरला होता आणि रीतसर करारावर सह्या झाल्या नव्हत्या. तिथेही न्यायालयाने करार झालेला आहे असं ठरवलं.

तुमच्या साहेबांनी लिहिलं 'पीओ पाठवतो'. 'पीओ आल्यावर सुरू करा' असं नाही. आणि तुम्ही तुपाच्या डब्यांचा फोटो पाठवलात तेव्हा 'थांबा, अजून पीओ नाही' असंही नाही. 'छान' म्हटलं आणि लोगोचं डिझाइन धाडलं. ज्याची ऑर्डर पक्की नाही तो आपल्या कंपनीचा लोगो छापायला देतो का? मला तर हा सगळ्या चॅटमधला सर्वांत बोलका मेसेज वाटतो. त्या लेबलवर पदार्थांची नावं असतील तर आणखी उत्तम, कारण '850 च्या डब्यात नेमकं काय होतं' हा प्रश्नही मिटतो. करार मोघम असेल तर कलम 29 खाली तो रद्दबातल होतो, आणि वकील ही फट शोधतातच.

त्यांचा आणखी एक बचाव येईल: त्या साहेबांना एवढी ऑर्डर द्यायचा अधिकारच नव्हता. आतला अधिकार कुणाला किती, हे तुम्हाला कळायचा मार्ग नव्हता. ह्याच माणसाने दिलेल्या ऑर्डरचे पैसे कंपनीने गेल्या वर्षी भरले, म्हणजे कंपनीनेच तुम्हाला तसं समजू दिलं, असं कलम 237 वरून म्हणता येतं. मात्र 60 डबे आणि 250 डबे ह्यांत फरक आहे, हे ते म्हणतील. तुमची बाजू भक्कम आहे, अभेद्य नाही.

ॲडव्हान्सचं एका वाक्यात: इसार हा सौदा झाल्याचा चांगला पुरावा असतो, पण मोबदला म्हणजे हातात पडलेले पैसेच असं नाही. त्यांनी पैसे द्यायचं वचन दिलं, तुम्ही डबे द्यायचं, आणि ही दोन वचनंच एकमेकांचा मोबदला. यजमानांना एक मात्र कबूल करा की काही ठिकाणी ते शंभर टक्के बरोबर आहेत. घर भाड्याने देताना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 लेखी आणि नोंदणीकृत करार मागतं, तो करून घ्यायची जबाबदारी मालकावर टाकतं, आणि लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरतं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. बिल्डरही नोंदणीकृत करार केल्याशिवाय फ्लॅटच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. तिथे व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

दिरांचं मात्र अवघड आहे, आणि मी गोड बोलणार नाही. भेट म्हणून दिलेलं वचन कायदा पाळायला लावत नाही. कलम 25 प्रमाणे जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलेलं वचन बंधनकारक व्हायचं तर ते लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. आरतीनंतर, चार माणसांत, प्रसाद हातात असताना म्हटलेलं वाक्य तिथे बसत नाही. दुसरी एक वाट आहे. 'तुम्ही घ्या, पैसे मी देतो' असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही खर्चात पडलात. त्यांच्या इच्छेवरून केलेली गोष्ट हा मोबदला धरता येतो. 1886 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने हावडा टाउन हॉलच्या वर्गणीत असंच धरलं होतं: वर्गणीदारांनी आकडे टाकले, त्यावर विसंबून बांधकामाचं कंत्राट दिलं गेलं, मग शंभर रुपये कबूल करणाऱ्याला माघार घेता आली नाही.

पण तिथे दीर-वहिनी नव्हते. घरच्या माणसांचं आपसातलं बोलणं कोर्टात जायच्या इराद्याने केलेलं नसतं, असं कॉमन लॉ गृहीत धरतो. 1919 च्या इंग्रजी खटल्यात नवरा नोकरीसाठी सिलोनला परतला, बायको आजारपणामुळे इंग्लंडातच राहिली, आणि त्याने महिना 30 पौंड कबूल केले होते. दोघांचं फाटल्यावर ती कोर्टात गेली आणि हरली. आपल्या कायद्यात ह्या इराद्याचं वेगळं कलम नाही, पण आपल्याकडचे वकील आणि न्यायाधीश तो मुद्दा चांगलाच ओळखतात. शिवाय साक्षीदार कोण? तुमचे सासू-सासरे आणि जाऊबाई. त्यांना कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं करून मिळालेल्या फ्रीझरच्या हप्त्यांत काही गोडी राहणार नाही. यजमानांना भावाशी बोलू द्या. अर्धे पैसे सुटले तरी घ्या आणि ते खात्यातून घ्या.

आता कंपनीकडून किती मागायचे? पूर्ण 2,12,500 नाही. कलम 73 तुम्हाला तिथवरच नेतं, जिथे करार पाळला गेला असता तर तुम्ही असता. समजा 250 डब्यांना तुमचा एकूण खर्च 1,55,000 झाला असता. त्यातले 84 हजार झाले, 71 हजार वाचले. 2,12,500 मधून 71 हजार गेले की 1,41,500. ह्यातून उरलेलं सामान वापरून, विकून जे सुटेल तेही वजा. हे वजा करणं तुमच्या मर्जीवर नाही. नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते ते वापरले का, हे कोर्ट पाहतंच. म्हणून मी आधीच म्हटलं, तळून ठेवू नका, सामान खपवा, आणि काय कुठे कितीला गेलं ते वहीत लिहा. लोगोची लेबलं कुणी घेणार नाही, तो खर्च पूर्ण मागा. प्रेसचं बिल हवं. नसेल तर आज जाऊन तारखेसकट घ्या.

चॅट पुसू नका, फोन बदलू नका, आणि साहेबांशी नव्याने फोनवर बोलू नका, मेसेजवरच बोला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे नियम 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहेत. चॅटची छापील प्रत द्यायची तर सोबत कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोनच कोर्टात दाखवला तर प्रमाणपत्र लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्षीपुरावा कायद्याखाली 2020 मध्ये, जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, सांगितलं होतं.

नोटीस साहेबांच्या नावाने नको, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर जाऊ द्या. त्यात प्रस्तावाचा मेसेज आणि अंगठा तारीख-वेळेसकट, लोगोचा मेसेज, गेल्या वर्षीचा व्यवहार, आणि 'तुम्ही करार पाळायला नकार दिलात, म्हणून तो मोडला असं धरून नुकसानभरपाई मागते' हे एक वाक्य. आकडा सामान विकून झाल्यावर भरा, दिवाळीनंतर पाठवली तरी चालेल. दावा करायला मोडल्यापासून तीन वर्षं असतात, पण तेवढं थांबू नका, कारण साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेले असतील. वकिलाच्या फीचं ओझं वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि दावा दाखल करायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. नव्वद हजार ते लाखाच्या आसपास ते मानतील असा माझा अंदाज आहे. त्याच्या खाली उतरायच्या आधी मला पुन्हा लिहा, आणि तेव्हा वहीतला हिशोब सोबत जोडा.